फीत कापलेलं स्वच्छतागृह

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा मीच! मीटिंगमध्ये धर्मेंद्र सरांनी चष्मा पुसत पुसत जाहीर करून टाकलं — यंदा शाळेच्या आरोग्य दूत गीतांजली मॅडम. टाळ्या. मला कोणी विचारलं? "मॅडम, तुमचा विषय विज्ञान. तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणजे मी प्रकाशसंश्लेषण शिकवते म्हणून पोरांच्या डोक्यातल्या उवाही माझ्याच! सगळ्यात जोरात टाळ्या मराठीच्या रागिणी मॅडमच्या. सुटल्या ना त्या.

घरी सांगितलं तर उद्धव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चांगलं आहे की. समाजसेवा." वकील माणूस! दुसऱ्याच्या गळ्यात काय पडलं की यांना ते नेहमीच चांगलं वाटतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

अमरावतीला प्रशिक्षण. अंजनगावहून सकाळची एस.टी., उभं राहून. गार पोहे, मोठ्या पडद्यावर "मुलांचे सर्वांगीण स्वास्थ्य". दोन माणसं मावतील एवढा टी-शर्ट दिला. घालणार आहे मी तो!

कामाचं एकच — पोरं शाळेत पाणी पीत नाहीत, म्हणून पाण्याची वेगळी घंटा द्यायची. घंटा झाली की सगळ्यांनी आपापल्या बाटलीतून पाणी प्यायचं. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. फोटो टाकला नाही तर पाणी पोटात गेलंच नाही असं धरतात बहुतेक.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिली घंटा. सातवीची पोरं दप्तरं पाठीला लावून थेट फाटकापर्यंत पोचली. शिपाई पुंजाजी त्यांच्या मागे धावतोय — "अरे पोट्टेहो, शाळा नाई सुटली! पाणी प्या म्हणते मॅडम!" मग माझ्याकडे येऊन, धापा टाकत, "मॅडम, ही कायची घंटा काढली तुमी? मलेच वाटलं मी चुकलो."

आठवीतला फोटो मात्र छान आला. सगळ्यांच्या बाटल्या तोंडाला. सरांनी ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले.

१३ ऑगस्ट, बुधवार

नाटकं करतात! आज मुद्दाम वर्गात फिरून पाहिलं. मुलगे घटाघटा पितात, अर्धं शर्टावर सांडतात. आणि मुली? बाटली उचलतात, तोंडाला लावतात, ओठ मिटलेले. घसाही हलत नाही. बाटली खाली ठेवली की पाणी तेवढंच. सगळ्याजणी! फोटोतही तेच चाललेलं असणार.

डोकंच फिरलं. पहिल्या बाकावरच्या श्रावणीला उभं केलं. बाजारात भाजीची गाडी लावणाऱ्या माणिकबाईची मुलगी, अभ्यासात बरी आहे. म्हटलं, पी माझ्यासमोर. अर्धी बाटली संपव. ती नुसतीच बघते माझ्याकडे. म्हटलं, पी! प्यायली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पितेय. बाकीच्या मुली खाली बघत होत्या.

मला बरं वाटलं. एकदा असं केलं की सगळ्या सरळ होतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

श्रावणी पंधरा ऑगस्टलाही नव्हती, कालही नाही, आजही नाही. ताप म्हणे. आईला निरोप पाठवला, उद्या येऊन भेटा. या बायकांना गाडीवरच्या मेथीची जेवढी काळजी तेवढी पोरीची असती तर!

२० ऑगस्ट, बुधवार

आली माणिकबाई. पदर खोचलेला, हाताला कोथिंबिरीचा वास, बसायला तयार नाही — "गाडीवर कोनी नाई, लवकर बोला." मी माझं सुरू केलं. पाणी, मूत्रपिंड, शरीरातली घाण. मुलगी पाणी पीत नाही, तुमचं लक्ष नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली —

"मीच सांगतो तिले. शाळेत पाणी पिऊ नको म्हून."

मी थक्क! म्हटलं, तुम्ही आई आहात की कोण?

"मॅडम, एक इचारू? तुमी मुतायले कुठी जाता?"

असं तोंडावर! स्टाफरूममध्ये रागिणी मॅडम होत्या, त्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मी काय सांगणार — स्टाफचं वेगळं आहे, त्याची किल्ली माझ्याकडेही आहे.

"आन् पोरी कुठी जातेत?"

म्हटलं, नवीन स्वच्छतागृह बांधलंय ना एवढं, मुलींसाठी.

"त्याले तं कुलूप हाय बाई! बांधलं तवापासून हाय. तुमाले मालूम नाई?"

मालूम होतं. कुलूप दिसतं रोज. पण मला वाटायचं, सुट्टीत पुंजाजी उघडत असेल. पुंजाजीला विचारलं. तो म्हणतो, "मले वाटलं तुमच्यापैकी कोनी मॅडम उघडत असन. किल्ली तं सरायच्या ड्रॉवरात." सगळ्यांनाच वाटायचं की दुसरं कोणीतरी उघडतं. शाळा आहे की काय आहे!

जाताना माणिकबाई म्हणाली, "त्या दिवशी तुमी तिले दमदाटी करून पाणी पाजलं. पाच वाजेपावतर दाबून धरलं लेकरानं. घरी आली तं चालता येत नव्हतं." तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही. जेवण गेलं नाही आज.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जाऊन पाहिलं. गुलाबी टाइल्स, बाहेर दोन कुंड्या, संगमरवरी पाटी — संस्थेचे अध्यक्ष किसनराव यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ. उद्घाटन गेल्या जानेवारीत. फितीचे दोन तुकडे अजून खांबांना बांधलेले आहेत. आणि दाराला भलंमोठं कुलूप. जुन्या मुतारीला दार नाही, समोर मुलगे क्रिकेट खेळतात. तिथे कोण जाणार? म्हणजे या मुली साडेदहा ते पाच... आणि मी वर घंटा वाजवते!

तडक सरांकडे. म्हटलं, किल्ली द्या. सर हसले. त्यांचं ते हसणं! "मॅडम, सुंदर शाळेच्या स्पर्धेत आहोत आपण. समिती कधीही येईल. एकदा वापरात गेलं की संपलं. या पोरींना शिस्त आहे का?"

म्हटलं, सर, वापरायलाच बांधलंय ना?

"गुण स्वच्छतेला आहेत, मॅडम. वापराला नाहीत."

मग पाण्याची घंटा कशाला वाजवायची?

"घंटेलाही गुण आहेत."

असा माणूस मुख्याध्यापक! वाटलं, ती टेबलावरची ट्रॉफी उचलावी आणि घालावी डोक्यात. खरंच वाटलं.

उद्धवना सांगितलं. "रिटायरमेंट काही फार लांब नाही तुझी. कशाला वाकड्यात शिरतेस?" बाहेर कोर्टात पक्षकारासाठी गळा काढतात, घरात माझी एक केस लढणार नाहीत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

माझ्याकडची स्टाफची किल्ली आठवीच्या मुलींना देऊन टाकली. दोघी-दोघींनी जा, म्हटलं. दुपारपर्यंत चाललं. मग रागिणी मॅडम — "अहो, आपल्यात कशाला त्यांना? किती घाण करतात त्या! इन्फेक्शन होईल आपल्याला." आपल्याला! सायंकाळपर्यंत सरांनी स्टाफचंही कुलूप बदललं. नवी किल्ली मागायला गेले तर म्हणे, लागेल तेव्हा माझ्याकडून घेऊन जा.

पन्नाशी उलटलेली बाई मी. किल्ली मागायला त्याच्यासमोर उभी राहू? दिवसभर गेले नाही. पाणीही प्यायले नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

श्रावणी आली. गालाची हाडं वर आलेली. घंटा मी बंद केली आहे. फोटो हवा असेल तर सरांनी स्वतःचा काढावा.

९ सप्टेंबर, मंगळवार

माझ्याच तासाला पडली. फळ्याकडे येता येता कमरेत वाकली आणि खालीच बसली. अंग भट्टीसारखं, दात वाजताहेत. सर म्हणतात, "सकाळी जेवून येत नाहीत ही मुलं." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा! पूर्ण कॉरिडॉरमध्ये ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

पुंजाजीने ऑटो आणला. सरकारी दवाखान्यातून अमरावतीला न्यायला सांगितलं. माणिकबाई गाडी तशीच बाजारात सोडून धावत आली. वाटभर श्रावणीचं डोकं तिच्या मांडीवर आणि पाय माझ्या.

१० सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी मला आणि माणिकबाईला समोर बसवून सांगितलं. लघवीचा जंतुसंसर्ग वर चढत किडनीपर्यंत गेलाय. एकदा आधी होऊन गेलेला, तो अर्धवट बरा झाला. आता वाचली. पण भरपूर पाणी प्यायला हवं आणि लघवी दाबून ठेवायची नाही — "पुन्हा असं झालं तर किडनी कायमची खराब होईल. तेराव्या वर्षी. कळतंय ना?"

मला कळत होतं. मी विज्ञानाची शिक्षिका.

बाहेर बाकावर माणिकबाई म्हणाली, "आता काय करता, सांगा. नाई तं मी शाळेतून काढतो तिले. घरी संडास तरी हाय."

म्हटलं, काढू नका. मी बघते. त्या सरांना मी सोडणार नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मी काय सोडणार नाही! अध्यक्षांच्या घरी गेले होते शनिवारी, चहा पाजून परत पाठवलं. "बघतो, बघतो."

आणि आज माणिकबाईने काय केलं! भाजीबाजारातल्या बायका घेऊन, सगळ्या हातगाड्या ढकलत किसनरावांच्या बंगल्यासमोर. वांगी, टमाटे, मेथी — तिथेच दुकान मांडलं. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचं, "शाळेत आमच्या पोरीयले मुतायले जागा नाई, म्हून इथं आलो." सकाळभर! किसनरावांना यंदा नगरपालिकेला उभं राहायचंय. बारा वाजता माझ्या फोनवर त्यांचा फोन.

मी खिडकीत उभी राहून एकटीच हसले.

१७ सप्टेंबर, बुधवार

धर्मेंद्र सरांची बदली! संस्थेच्या मोर्शीच्या शाळेत. जा, संत्री खा! निरोप समारंभाला मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

सेवाज्येष्ठतेने प्रभार माझ्याकडे. किसनराव म्हणाले, "आता तुमीच पाहा मॅडम." उद्धव एकदम पेढे घेऊन आले. समाजसेवेचे बहुतेक.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उघडलं! कुलूप गंजलं होतं, पुंजाजीने तेल सोडलं. फितीचे तुकडे मी स्वतः ओढून काढले. मुलींची ही रांग! श्रावणी अजून अशक्त आहे, तिला सगळ्यांनी पुढे केलं. ती आत गेली, बराच वेळ आली नाही, मला धास्ती. मग तोंड धुऊन, केस ओले करून बाहेर. "मॅडम, आतमंदी आरसा हाय!"

मला रडू आलं. हो, आलं. पुंजाजीसमोर. त्याने पलीकडे पाहिलं.

दुपारी घंटा दिली. आज मुली खरंच प्यायल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिला दिवस आणि तो वास! नाक धरून आत गेले. टाकीतलं पाणी दुपारपर्यंत संपतं. बोअरचं खारं पाणी, टाइल्सवर पांढरे थर. एक नळ मोडलेला, एक नुसता गळतोय. भांड्यात पॅड टाकलेलं, तुंबून वर आलंय. सगळ्या मुलींना मैदानावर उभं करून सुनावलं. कोणी टाकलं? पॅड टाकायला डबा आहे का, असं एकीने हळूच विचारलं. नाही. तो ठेवायला हवा होता.

इंदूबाई झाडूवाली संस्थेच्या सगळ्या इमारती करते. म्हणाली, "मी एकटी बाई कुठी कुठी पुरू? मले इकडे आठवड्यातून एकदा धाडतेत." रोज पाठवा, म्हणून अध्यक्षांना फोन केला. "बघतो."

रागिणी मॅडम स्टाफरूममध्ये, मला ऐकू येईल अशा — "सरांच्या वेळी तिथे जेवायला बसावं इतकं स्वच्छ होतं." म्हटलं, हो तर! कोणी कधी गेलंच नव्हतं ना! हसल्या सगळ्या. पण माझ्या बाजूने कोणी हसलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

किसनरावांकडे बोलावणं. समिती दिवाळीनंतर येणार. "मॅडम, नंबर आला तं तुमाले कायमची मुख्याध्यापिका करून टाकतो. नाई तं धर्मेंद्र सर मोर्शीहून रोज फोन करून राहिले मले." आणि मग, हसत — "आईच्या नावाची पाटी हाय तिथं. वास येते म्हणतेत लोक."

वास येतो, कारण ते चालू आहे! असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, होईल स्वच्छ.

तो माणूस परत येणार? माझ्या खुर्चीत? मेले तरी नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र आलं. समिती पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला. बालदिनाच्या दिवशीच.

१० नोव्हेंबर, सोमवार

श्रावणी तपासणीला अमरावतीला जाऊन आली. रिपोर्ट चांगला. माणिकबाईने वाल आणून दिले पिशवीभर, पैसे घेतलेच नाहीत. "तुमी होत्या म्हून, मॅडम." मला ते ऐकायला फार आवडलं. संध्याकाळी उद्धवनाही सांगितलं, त्यांनी विचारलं नसताना.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी पदर खोचून इंदूबाईबरोबर स्वतः घासलं. ॲसिड टाकून, तारेच्या चोथ्याने. डोळे झोंबताहेत, बोटं सोलली आहेत. पण काय निघालं! एकेक टाइल गुलाबी. नवे नळ बसवले. आरसा पुसला. कुंड्यांत शेवंती. लांब उभी राहून बघत बसले कितीतरी वेळ. मी केलं हे! धर्मेंद्र सरांनी नाही, मी.

आणि मधली सुट्टी होते न होते तो मातीचे पाय आत-बाहेर! पाणी सांडलेलं, नळ तसाच सोडलेला. जीव तोडून ओरडले. काही म्हणजे काही शिस्त नाही या मुलींना. इंदूबाई म्हणाली, "अवो मॅडम, संडासच हाय थे." तिला काय जातंय म्हणायला!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी कुलूप लावलं. परवा समिती गेली की लगेच उघडणार. पुंजाजीलाही तसंच सांगितलं.

दुपारी श्रावणी केबिनच्या दारात. "मॅडम, किल्ली?" कामात होते. मी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, दोनच दिवस, बाळा. तोवर पाणी जरा बेताने पी.

"हो मॅडम" म्हणाली.